रशियाला निघालात? आधी शेपू खायला शिका!

नीटचा निकाल लागला की आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचे विषय बदलतात. एरवी बोगद्यातलं ट्रॅफिक, फ्लॅटचे रेट आणि कुणाचा गुडघा दुखतोय यावर राऊंड मारणारी मंडळी एकदम कटऑफ, डीम्ड, मॅनेजमेंट कोटा असलं काहीतरी बोलायला लागतात. आणि तिसऱ्या राऊंडला कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतंच, "रशियाचं काय ते बघायचं का?"

गंमत बघा. अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, आणि डॉक्टर व्हायला पोरं निघाली व्होल्गाच्या काठी! कारण सरळ आहे. पैसा. डीम्ड कॉलेजची एका वर्षाची फी वीस लाखांच्या घरात जाते. तशा दोन-अडीच वर्षांच्या पैशात रशियातली सहा वर्षं, राहणं-खाणं धरून, साधारण उरकतात. शिवाय रशिया हा शब्द नाशिककरांना परका नाहीच. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच मुळी मिग विमानांसाठी.

पण हे 'बघायचं' कुणी? बाबांना ऑनलाइन फॉर्मचा कंटाळा, आईच्या डोळ्यांसमोर रशिया म्हटलं की बर्फ नाहीतर युद्ध. मग काम येतं घरातल्या कमावत्या दादा-ताईकडे. म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची, रविवारी धाकट्यासाठी कन्सल्टन्सीच्या सेमिनारला बसायचं, आणि लोनच्या कागदावर को-ॲप्लिकंट म्हणून सहीही आपलीच.

माझी धाकटी मामेबहीण त्वेरला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा टाकून मी तिच्याकडे जाऊन आलो. तेव्हापासून कॉलनीत माझा भाव एकदम वधारलाय. यंदा आमच्याच सोसायटीतला एक मुलगा सप्टेंबरमध्ये निघतोय, त्यामुळे त्याच्या आईची, म्हणजे काकूंची, माझ्याकडे रोज एक नवी शंका असते. त्या सगळ्या शंकांची उत्तरं एकदाच लिहून टाकावीत म्हटलं.

नाशिक-मुंबई, फक्त रशियात

मॉस्को ते त्वेर अंतर साधारण १७० किलोमीटर. म्हणजे आपलं नाशिक-मुंबई! फरक एवढाच की 'लास्तोच्का' नावाची ट्रेन ते पावणेदोन-दोन तासांत कापते. (पंचवटीवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.) साम्य इथंच संपत नाही. गोदावरी जशी आपल्या जिल्ह्यात ब्रह्मगिरीवर उगम पावते, तशी युरोपातली सगळ्यात लांब नदी, साडेतीन हजार किलोमीटरची व्होल्गा, त्वेर प्रांतातल्याच एका खेड्यात झऱ्यातून सुरू होते. उगमावर छोटंसं लाकडी देऊळ बांधलंय. फोटो बघितला तेव्हा मला त्र्यंबकचीच आठवण झाली.

शहर जुनं. स्थापनेचं परंपरेनं सांगितलं जाणारं साल ११३५. १७६३ च्या आगीत ते जळलं, मग राणी कॅथरीननं सरळ रेघा मारून नव्यानं बांधून घेतलं. मॉस्को-पीटर्सबर्ग प्रवासात मुक्काम करायला स्वतःसाठी एक महालही बांधला. १९३१ ते १९९० या काळात त्याचं नाव कालिनिन होतं, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच येतं. १९४१ च्या हिवाळ्यात दोन महिने शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. आज बघाल तर पिवळ्या-गुलाबी जुन्या इमारती, त्र्योख्स्व्यात्स्काया नावाचा मस्त वॉकिंग स्ट्रीट, आणि सोव्हेत्स्काया रस्त्यावर मेडिकल युनिव्हर्सिटी. लेनिनग्राडची संस्था १९५४ साली इथं हलवली, तिचं हे आजचं रूप.

आणि व्होल्गाच्या काठावर उभा आहे आपला माणूस! म्हणजे त्यांचाच, पण आपल्याकडे येऊन गेलेला. अफनासी निकितीन. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी, चौलच्या बंदरात उतरला, आणि अख्खा पावसाळा त्यानं काढला कुठं? जुन्नरला! नारायणगावच्या मिसळीसाठी आपण गाडी काढतो ना, तिथून फाट्यावर वळलं की जुन्नर. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानानं काढून घेतला आणि सांगितलं, धर्म बदललास तर घोडा परत देतो. शेवटी एका खुरासानी ओळखीच्या माणसानं मध्ये पडून तो सोडवून दिला. निकितीननं हे सगळं वहीत लिहून ठेवलंय, अगदी इथं घोड्यांना खिचडी खायला घालतात हेही. पुढं बिदरपर्यंत गेला, आणि परतताना घरी पोचायच्या आधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. १९५५ साली त्वेरनं त्याचा पुतळा उभारला. आपल्याकडे रेवदंड्याला त्याचा स्मारकस्तंभ आहे.

हा इतिहास सांगायचं कारण वेगळंच. निकितीनच्या वहीत मध्येच तुर्की, फारसी, अरबी असलं सगळं मिसळलेलं आहे. ज्या बाजारात बसायचं तिथली भाषा तोंडात बसली पाहिजे, हे त्याला कळलं होतं. आपली पोरं साडेपाचशे वर्षांनी उलट्या दिशेनं जातात, आणि नेमकं हेच त्यांना कुणी सांगत नाही.

'सगळं इंडियन आहे हो!'

सेमिनारला गेलात तर एक वाक्य हमखास ऐकाल: इंडियन मेस, इंडियन हॉस्टेल, शिकवणं इंग्लिशमध्ये, मुलाला घर सोडल्यासारखं वाटणारच नाही! हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर जो रिलीफ आला तो मी पाहिलाय.

माझ्या बहिणीची पहिली दोन वर्षं अगदी अशीच गेली. मजल्यावर मराठी, मल्याळी, हिंदी. गणपती बसला, दांडिया झाला, रात्री मॅच. रशियन किती? 'स्कोल्का', म्हणजे केवढ्याला, आणि 'स्पासीबा', म्हणजे थँक्यू. रशियन भाषेचा तास असतो, पण तो पास होण्यापुरता.

मग आलं तिसरं वर्ष आणि वॉर्ड. वर्ग इंग्लिशमध्ये असला तरी पेशंट थोडाच इंग्लिशमध्ये आजारी पडतो! समोर एक सत्तरीची आजी, 'बाबुश्का'. छातीवर हात ठेवून ती पाच मिनिटं बोलत होती आणि आमची बाई पुस्तकातली सगळी लक्षणं पाठ असून गप्प उभी. "दादा," ती मला म्हणाली, "त्या दिवशी मला कळलं की आपण दोन वर्षं रशियात नव्हतोच. आपण एका मजल्यावर होतो."

त्या आजी म्हणत होत्या 'दावीत'. म्हणजे छातीवर दाबल्यासारखं होतंय. 'कोल्येत' म्हणाल्या असत्या तर टोचल्यासारखं. हार्टचा पेशंट समोर असेल तर या दोन शब्दांत किती फरक पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि 'दावीत'मध्ये आपला 'दाब' ऐकू येतो की नाही?

इथं मराठी पोरांसाठी एक गुड न्यूज आहे, आणि ती कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. रशियन आपल्याला इतरांपेक्षा सोपी जाते! हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन, रशियनमध्येही तीन. दूध आपल्याकडे 'ते', तिकडचं 'मोलोको'ही नपुंसकलिंगी. सहावीत पाठ केलेल्या विभक्त्या आठवतात? घर, घरात, घराला, घराचा. रशियनमध्ये शब्दांची शेपटं अशीच बदलतात, सहा तऱ्हांनी. तू आणि तुम्ही, म्हणजे 'ती' आणि 'वी', अगदी आपल्यासारखं. सरांना 'ती' म्हणालात तर काय होतं हे वेगळं सांगत नाही. 'चाक'मधला जो 'च' हिंदीवाल्यांना जन्मात जमत नाही, तो रशियनमध्ये पावलोपावली आहे. हॉस्पिटलला 'बल्नीत्सा' म्हणतात, त्यातला 'त्स' आपण झोपेतही म्हणू. सगळ्यात भारी म्हणजे नावं. रशियात सरांना आडनावानं किंवा 'सर' म्हणून हाक मारत नाहीत, नाव आणि पुढं वडिलांचं नाव घेतात. आपल्या मधल्या नावाची गरज ज्यांना समजावून सांगावी लागत नाही असा हा एक दुर्मिळ देश! आणि 'नाश' म्हणजे रशियनमध्ये 'आपला'. बहिणीनं गावाचं नाव सांगितलं की तिथल्या नर्सेस हसतात.

भाषेच्या फॉर्म्युल्याबद्दल विचाराल तर तिनं केलं ते सांगतो. दर शनिवारी मॉल सोडून बाजारात भाजी घ्यायची, कारण मॉलमध्ये तोंड उघडावंच लागत नाही. 'माशा आणि अस्वल' हे लहान पोरांचं कार्टून सबटायटलशिवाय बघायचं. आणि वॉर्डमधल्या आज्यांशी गप्पा मारायच्या. एकदा तुम्ही 'ग्द्ये बालीत?', कुठं दुखतंय, असं विचारलंत की बाबुश्का सुनेपासून पेन्शनपर्यंत सगळं सांगते. शिकवणीची फी शून्य! वर्षभरात ती हिस्ट्री घ्यायला लागली. मी तिच्याबरोबर बाजारात होतो तेव्हा कोबीवाल्या बाईनं तिला दामटून एक गाजर फुकट दिलं. का, ते मला कळलं नाही. हिला कळलं होतं, ती लाल झाली होती.

दोन शब्द मात्र पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. 'अत्राबोत्का': बुडवलेला प्रत्येक तास नंतर भरून काढावा लागतो, सरांसमोर उभं राहून त्या विषयाची उत्तरं देऊन. प्रॉक्सीचा फंडा इथं चालत नाही. आणि 'बिल्येत': तोंडी परीक्षेत टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतली एक उचलायची, त्यावरचे प्रश्न बोलून सोडवायचे. नीटसाठी दोन वर्षं फक्त गोल काळे केलेल्या पोरांना हे पचायला जड जातं. बोलायची सवय हवी.

शेपू, शेपू आणि शेपू

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही लहानपणी ताटातून जी भाजी हळूच बाजूला सारत होतात ना, तिच्यावर हा देश उभा आहे! सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, सॅलडवर शेपू, चिप्सलाही शेपूचा फ्लेवर. नाव 'उक्रोप'. माझ्या दहा दिवसांत एकच गोष्ट बिनशेपूची मिळाली. चहा.

पण गंमत ऐका. काकूंच्या सासूबाईंनी नातवाच्या बॅगेत पोटदुखीसाठी बाळंतशेपांची पुडी ठेवलीय. बाळंतशेप म्हणजे शेपूचंच बी. आणि रशियातल्या आज्या तान्ह्या बाळाचं पोट दुखलं की काय देतात? 'उक्रोपनाया वदा', शेपूचं पाणी! बहिणीला मुलांच्या वॉर्डात हा शब्द एका झटक्यात कळला, वर्गातल्या बाकी कुणाला कळला नाही.

किराण्याची भीती तर नकोच. 'प्यात्योरोच्का' आणि 'माग्नीत' ही दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर. तिथल्या पाट्या वाचता आल्या की अर्धं स्वयंपाकघर आपलंच. 'मान्का' म्हणजे रवा: शिरा, उपमा, सगळं जमतं. 'गोरोख' ही वाटाण्याची पिवळी डाळ, हिंग-मोहरीची फोडणी दिली की वरणाची तहान भागते. 'केफिर' आंबट ताकासारखं, त्याची कढी फक्कड होते. 'त्वोरोग'ची बुर्जी पनीरच्या थोबाडीत मारते. 'ग्रेच्का', म्हणजे कुट्टूचे भाजलेले दाणे, पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाहीत. चौथ्या महिन्यात त्याच्याशिवाय चालत नाही म्हणे. कोथिंबिरीला 'किंझा' म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकावा लागतो, शेपू मात्र जुड्याच्या जुड्या. शाकाहारी पोरांनी 'म्यासा', म्हणजे मांस, हा शब्द मात्र वाचायला शिकूनच विमानात बसावं.

उणे अठरा

फेब्रुवारीत मी उतरलो तेव्हा बाहेर उणे अठरा होतं. नाशिकला जानेवारीत सात-आठ डिग्रीला शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाची काय अवस्था झाली असेल! पण दोन मिनिटांत घरात शिरलो तर आत अधिक चोवीस. सेंट्रल हीटिंग सरकारी, साधारण ऑक्टोबर ते एप्रिलअखेर. म्हणून तीन-तीन स्वेटर चढवणं हा बावळटपणा आहे. आत थर्मल, वर साधा शर्ट, आणि सगळ्यात वर दणदणीत कोट. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून टोपी-मफलर जरूर न्या, पण कोट आणि बूट तिथंच घ्या. आपल्याकडच्या बुटांचा सोल बर्फावर काचेसारखा घसरतो.

कोटाला मागं, कॉलरच्या आत, टांगायची नाडी शिवलेली आहे ना बघा. हसू नका! कॉलेज असो, हॉस्पिटल असो, कोट घालून आत जाता येत नाही. दारातच 'गार्देरोब'मध्ये तो द्यावा लागतो, आणि नाडी नसलेला कोट दिलात तर तिथल्या मावशी चारचौघांत जी हजेरी घेतात ती कुठल्याही भाषेत समजते. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता झोपते. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की भिंतीच्या कडेनं चालू नका. वरून 'सोसुल्का', म्हणजे बर्फाचे भाल्यासारखे सुळे, खाली येतात.

थंडीपेक्षा जास्त त्रास देतो अंधार. डिसेंबरात सूर्य नऊला येतो आणि चारच्या आत मावळतो. पोरं सकाळी अंधारात जातात, अंधारात परत येतात. घरी फोनवर "काही नाही गं आई, झोपलो होतो" अशी उत्तरं यायला लागली, की इकडच्या दादा-ताईंनी कान टवकारावेत. डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी, दुपारी अर्धा तास तरी उजेडात चालणं, आणि दारं लावून एकट्यानं बसू न देणारा एखादा मित्र. माझी बहीण पहिल्या डिसेंबरात तीन आठवडे वर्गालाच गेली नाही, हे आम्हाला घरी कळलं दुसऱ्या वर्षी.

नदीला नमस्कार, लांबूनच

इथं जरा हलकं बोलणं थांबवतो. जून २०२४ मध्ये वेलिकी नोव्हगोरोदला, त्वेरसारख्याच जुन्या, नदीकाठच्या शहरात, चार भारतीय मेडिकलचे विद्यार्थी, त्यातले काही आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वोल्खोव नदीत बुडून गेले. पाण्यात अडकलेल्या मैत्रिणीला वाचवायला बाकीचे पुढं झाले होते. एक जण वाचला. विशीच्या आतबाहेरची पोरं. खानदेशातल्या ज्या घरांत तेव्हा शवपेट्या आल्या, ती आपल्यासारखीच घरं होती.

जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो, हवा गरम असते, काठावर वाळू असते. सहा महिने अंधारात काढलेल्या मुलांना पाणी ओढतं. पण वर ऊन असलं तरी आत पाणी हाडं गोठवणारं असतं, आणि संथ दिसणाऱ्या नदीला ओढ असते. आपल्यातल्या बहुतेकांचं पोहणं म्हणजे स्विमिंग पूलमधलं. तेव्हा नियम एकच: जिथं जीवरक्षक आहे त्या अधिकृत किनाऱ्याशिवाय गुडघ्याच्या वर पाणी नाही. काठावर 'कुपानिये झाप्रेश्चेनो' अशी पाटी दिसली तर तिचा अर्थ पोहायला बंदी. हिवाळ्यात 'वीखद ना ल्योद झाप्रेश्चोन', बर्फावर उतरू नका. गोठलेल्या व्होल्गावर मासे पकडत बसलेले आजोबा दिसतील, पण कुठं बर्फ पातळ आहे हे त्यांना पन्नास वर्षांच्या सवयीनं कळतं. सेल्फीसाठी त्यांच्या मागं जाऊ नका. बुडणाऱ्याच्या मागं उडी टाकायची नाही. दोरी, ओढणी, फांदी, जे हाती लागेल ते काठावरून फेकायचं आणि ११२ फिरवायचा. तो नंबर रशियाभर चालतो. 'तोन्येत' हा शब्द पाठ असू द्या. 'बुडतोय.' फोनवर एवढाच म्हटला तरी पुरे.

१९ जानेवारीला तिकडे बर्फात भोक पाडून श्रद्धेनं तीन बुड्या मारतात. आपल्या रामकुंडावरच्या पर्वणीसारखंच काहीसं. कुणाला हौस आलीच, तर बचाव पथक आणि ॲम्ब्युलन्स उभी असते तिथंच, आणि आधी हृदय तपासून.

कागद, पैसा, फोन

हा भाग कंटाळवाणा आहे, पण को-ॲप्लिकंटनी वाचायचाच. विमानतळावर मिळणारं मायग्रेशन कार्ड पासपोर्टइतकं जपायचं. उतरल्यावर काही दिवसांतच राहत्या पत्त्याची नोंदणी होते, ती कॉलेज करतं, पण झाली का हे स्वतः विचारायचं. सुट्टीहून परत आलात की पुन्हा. पासपोर्टचं रशियन भाषांतर होतं तेव्हा नावाचं स्पेलिंग डोळ्यांत तेल घालून बघा. आपला 'ह' त्यांच्याकडे नाही, त्यामुळे राहुलचा 'राखुल' होतो. होऊ द्या, पण सहा वर्षं सगळ्या कागदांवर एकच 'राखुल' हवा.

मार्च २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिथं चालत नाहीत. सुरुवातीचे दोन-तीन महिने निघतील इतके डॉलर रोख, आणि मग तिथल्या बँकेत खातं आणि 'मीर' कार्ड. परदेशी माणसाला सिम घ्यायला २०२५ पासून बायोमेट्रिक नोंदणी लागते, त्यामुळे पहिले काही दिवस फोन नसणार हे आईला आधीच सांगून ठेवा. इन्स्टा, फेसबुक २०२२ पासून बंद, आणि व्हॉट्सॲप कॉलवर ऑगस्ट २०२५ पासून निर्बंध. ड्रोनच्या भीतीनं मोबाइल इंटरनेटही मध्येच बंद पडतं. तेव्हा शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

हो, ड्रोन. काकूंचा पहिला प्रश्न हाच होता. खोटं सांगणार नाही: सप्टेंबर २०२४ मध्ये त्वेर प्रांतातल्याच तोरोपेत्सला दारूगोळ्याच्या कोठारावर मोठा हल्ला झाला होता. तो भाग त्वेर शहरापासून दूर पश्चिमेला. रोजच्या जगण्यात युद्ध जाणवतं ते सैन्यभरतीच्या फलकांत. आणि धोका नेमका त्याच बाजूनं आहे. नोकरी, कोर्स, पार्ट-टाइम काम असं सांगून भारतीयांना रशियन सैन्यात ओढल्याची प्रकरणं २०२४ पासून उघडकीला आलीत. आपल्या परराष्ट्र खात्यानं सप्टेंबर २०२५ मध्येही असल्या ऑफरपासून लांब राहा म्हणून बजावलं. त्यामुळे वाचता न येणाऱ्या कुठल्याही कागदावर सही नाही. पगार कितीही मोठा असो, सांगणारा कितीही 'आपला' असो. मॉस्कोतल्या आपल्या दूतावासाचा नंबर वहीत लिहून ठेवा, नुसता फोनमध्ये नको.

परतीचं तिकीट

आता सगळ्यात महागडा मुद्दा. नोव्हेंबर २०२१ नंतर परदेशी एमबीबीएसचे नियम कडक झालेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्लिशमध्ये, त्याच संस्थेत एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टरकी करायला पात्र ठरणारी पदवी. हे सगळं दहा वर्षांच्या आत. वर भारतात आल्यावर पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. 'पहिली तीन वर्षं इंग्लिश, मग रशियन' असं कुणी सांगितलं तर उठा आणि चालू लागा. इंग्लिशचं आश्वासन कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी घ्या, कन्सल्टन्सीच्या नव्हे.

मग येते परीक्षा, एफएमजीई. वर्षातून दोनदा, ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. निकाल बघितलात तर चार-पाच जणांत एखादाच पास होतो. मी बहिणीला विचारलं, एवढे का पडतात? ती म्हणाली, "वॉर्डमध्ये सहा वर्षं जे भिंतीला टेकून उभे राहिले ना दादा, त्यांनी पेशंट बघितलेलाच नसतो. पुस्तक पाठ असतं." रशियन आलं म्हणून कुणी एफएमजीई पास होत नाही, ती इंग्लिशमध्येच असते. पण पेशंटच्या कॉटपर्यंत पोचायचा रस्ता रशियनमधूनच जातो.

काकूंच्या मुलाची बॅग परवा मी तपासली. तीस किलोंत बारा किलो मॅगी आणि फराळ. अर्धं काढलं. कुकर ठेवला, पण हॉस्टेलला इलेक्ट्रिक शेगडी असते, म्हणून सपाट बुडाचा. कुकरची जास्तीची रिंग, दोन नग. हिंग, गोडा मसाला, मोहरी. पांढरे कोट दोन. नातेवाइकांच्या फोटोंची फ्रेम परत आजीकडे दिली आणि त्या जागेत सिरिलिक अक्षरांची वही घातली. अक्षरं एकूण तेहेतीस. त्याला अकरापर्यंत येतायत, जायला अजून दोन महिने आहेत. आजीची बाळंतशेपांची पुडी मी काढायला घेतली होती, तिकडे ढिगानं मिळतात म्हणून. मग राहू दिली.